न उतरता अठ्ठावीस मैल

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि भाटघरला धरणावर नोकरी करत होतो. काम साधं होतं. रोज सकाळी पाण्याची पातळी पाहायची, आकडा वहीत लिहायचा, त्याची चिठ्ठी करायची आणि ती तीन मैलांवर भोरच्या टपाल कचेरीत नेऊन द्यायची. तिथून तो आकडा तारेनं पुढे जायचा. चिठ्ठी नेण्यासाठी माझ्याकडे एक जुनी, जड सायकल होती. तिचं पुढचं चाक थोडं वाकडं होतं आणि ब्रेक मनात आला तरच लागायचा.

मला लहानपणापासून मोजायची सवय. वडिलांचं एक खिशातलं घड्याळ माझ्याकडे आलं होतं, त्यात सेकंदांचा वेगळा छोटा काटा होता. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी ते घड्याळ चिंधीनं हँडलला बांधलं आणि भोरला पोचायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी साडेपंधरा मिनिटं लागली. वर्षाच्या अखेरीला मी अकरा मिनिटं दहा सेकंदांवर आलो होतो. सायकल तीच, रस्ता तोच, खडीही तीच. यात मला जो आनंद व्हायचा तो कुणाला सांगता येत नव्हता, कारण ऐकणारा पहिलाच प्रश्न विचारायचा, "आन मागं कोन लागलं व्हतं?"

मागे कुणी नव्हतं. पुढेही कुणी नव्हतं. माणूस एकटाच पळतो आणि त्याला शर्यत म्हणतो, हे आमच्याकडे कुणाला पटत नव्हतं. बैलगाड्यांची शर्यत लोकांना ठाऊक होती, कुस्ती ठाऊक होती. त्यात समोर दुसरा दिसतो. घड्याळाशी झुंजणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी थोडा बिघडलेलाच.

त्या उन्हाळ्यात पुण्याचे एक सायकलवाले दुकानदार भोरला आले. त्यांनी दुकानासाठी तीन-चार पगारी स्वार ठेवले होते. स्वाराचं काम असं, की एका गावाहून दुसऱ्या गावाला दुकानाची सायकल जमेल तितक्या वेगानं न्यायची. लागलेला वेळ दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिला जायचा. तो वाचून लोक सायकल पाहायला आत शिरायचे. त्यांना आणखी एक स्वार हवा होता, आणि तो खराब रस्त्यावर तयार झालेला हवा होता. म्हणून ते आमच्या भागात आले होते.

परीक्षेची रीत त्यांनी सांगितली. भोरच्या नाक्यावरून निघायचं, भाटघर, कापूरव्होळ, किकवी करत सारोळ्याच्या पुलापर्यंत जायचं. पुलाच्या अलीकडे एक रिकामं पिंप ठेवलेलं असेल, त्याला वळसा घालून परत यायचं. जाऊन-येऊन अठ्ठावीस मैल. प्रत्येकाला दहा मिनिटांच्या अंतरानं सोडणार, म्हणजे कुणी कुणाच्या आडोशाला राहायचं नाही. पंधरा दिवसांच्या अंतरानं अशा दोन खेपा. दोन्हींत मिळून ज्याची एक वेळ सर्वांत कमी, तो स्वार. सायकली दुकानाच्याच, नव्या, सगळ्यांना सारख्या.

आम्ही पाच जण होतो. ती नवी सायकल हातात घेतली तेव्हाच मी ठरवलं, की ही जागा आपली. धरणावरची नोकरी वाईट नव्हती. पण मला जे एक काम खरोखर चांगलं जमत होतं, त्यासाठी कुणीतरी माणूस ठेवायला आलंय, असं पुन्हा घडणार नव्हतं.

पहिल्या खेपेला मी तिसरा सुटलो. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. पाय मोकळे होते, चाक सरळ होतं, आणि भाटघरपर्यंत मी ठरवल्यापेक्षा पुढे होतो. भाटघरला रस्त्यालगत पार आहे. तिथे पाच-सहा म्हातारी माणसं बसलेली होती. मी उतरलो.

हे आज लिहिताना विचित्र वाटतं, म्हणून नीट सांगतो. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोरून सायकलवर बसून जात नसत. उतरायचं, सायकल हातात धरायची, नमस्कार करायचा, चार पावलं चालायचं आणि मग पुन्हा बसायचं. मी रोज भोरला जाताना त्या पारासमोर उतरत होतो. माझ्या अकरा मिनिटं दहा सेकंदांत ते उतरणं धरलेलंच होतं. परीक्षेच्या दिवशीही मी विचार करून उतरलो नाही. पाय आपोआप खाली आला.

कापूरव्होळला मला शिकवलेले गुरुजी ओसरीवर दात घासत होते. तिथे उतरलो. "एवढ्या घाईनं कुठं रे?" त्यांनी विचारलं, आणि गुरुजींना अर्धं उत्तर देता येत नाही. किकवीला एक म्हातारी दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुनाचं वाईट आनलंस रं बाबा?"

एकटा माणूस, टोपी मागे सरकलेली, घामानं भिजलेला, जीव तोडून सायकल मारतोय, म्हणजे तो मयताचा सांगावाच घेऊन निघालेला असणार. आमच्या भागात दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी असं पळत नसे. तिला तसंच घाबरलेलं सोडून जाता येईना. उतरलो, "कुणी गेलं नाही आजी, शर्यत आहे," म्हणालो. तिनं माझ्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि म्हणाली, "कुनाबरं?"

सारोळ्याच्या पिंपाला वळसा घातला तेव्हाही आशा होती. परतीला पुलापासून किकवीकडे चढ आहे, तो मी चांगला काढला. कापूरव्होळनंतर समोरून वारा होता, तोही सोसला. आणि भाटघरच्या अलीकडच्या वळणावर, भोर तीन मैल उरलेलं असताना, माझे सासरे डोक्यावर हिरड्याचं पोतं घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते.

सासरे पासलीचे. वेल्ह्याच्या डोंगरातलं गाव, तिथून भाटघरला यायचं तर पायी पुरा दिवस. उन्हाळ्यात ते रानातला हिरडा गोळा करून भोरच्या बाजाराला आणायचे आणि आमच्याकडे मुक्काम करायचे.

"जावई, बरं झालं गावलात," ते म्हणाले. "जरा हात लावा. मान मोडली माजी."

पोतं उतरवलं. त्यांनी मान चोळली. म्हैस व्यायली ते सांगितलं, रेडकू झालं तेही सांगितलं. मग पोतं पुन्हा डोक्यावर चढवून दिलं. मी घड्याळाकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं.

"कचेरीला उशीर व्हतोय व्हय?"

"नाही मामा, शर्यत आहे."

"मंग बाकीची कुठं हायती?"

मला एक तास एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंद लागले. दुसऱ्या क्रमांकावर आलो. पहिला आला शिरवळकडचा एक तालमीतला गडी, एक तास एकोणपन्नास मिनिटं पाच सेकंद. मी झाडाखाली बसून हिशेब केला. परतीला पार आणि ओसरी रिकामी होती. जाताना पारावर पंचवीस सेकंद, गुरुजींकडे पंचेचाळीस, म्हातारीपाशी वीस, सासऱ्यांपाशी एकशे पाच. एकूण तीन मिनिटं पंधरा सेकंद. ती वजा केली तर मी त्या गड्याच्या चाळीस सेकंद पुढे होतो. मी तो कागद दुकानदारांना दाखवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. "बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण फळ्यावर मी काय लिहू? अमुक वेळ, वजा सासरे?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती.

"हे पाहा," ते पुढे म्हणाले, "पाय तुमचे सगळ्यांत चांगले आहेत. पण रस्त्यात जो उतरतो, त्याला मी पगार देऊ शकत नाही. पंधरा दिवस आहेत. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग नका उतरू."

"पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून बसून जाऊ?"

तिलाही ते पटेना. मग आम्ही आधी निदान उतरणं किती कमी करता येतं ते पाहायचं ठरवलं. घरामागच्या रस्त्यावर ती डोक्यावर पदर घेऊन म्हातारीसारखी उभी राहायची, मी लांबून वेगात यायचो, उतरायचो, नमस्कार करायचो, पुन्हा चढून आधीच्या वेगाला यायचो. असं बारा वेळा केलं. काही न बोलता, काही न ऐकता, नुसता नमस्कार करूनही पंचवीस सेकंदांच्या खाली ते येत नव्हतं.

"लई वाकता तुमी," ती म्हणाली. "थोडं कमी वाका."

कमी वाकूनही चोवीस लागले. म्हणजे तो मार्ग बंद. चार ठिकाणी उतरलो तर दीड मिनिट तरी जाणारच होतं, आणि तो शिरवळचा गडी दुसऱ्या खेपेला स्वतःची वेळ कमी करणार हे नक्की होतं. उतरायचंच नाही, हाच एक उपाय होता. आणि बेअदबीही करायची नव्हती. दोन दिवस मी यावर विचार केला. मग एक वाट दिसली. त्या दिवशीचा नमस्कार आधीच करून यायचा आणि न उतरण्याची परवानगी मागायची.

संध्याकाळी पारावर गेलो. सगळ्यांच्या पाया पडलो आणि सांगितलं, की पुढच्या शर्यतीच्या दिवशी मी इथून दोनदा जाणार, दोन्ही वेळा उतरणार नाही, राग मानू नका.

"आसं कसं?" एक जण म्हणाला. "आमी समोर बसल्यालं आन तू वर बसून जानार?"

"मंग त्या दिशी आपन हितं बसूच नये," दुसरा म्हणाला.

"का म्हनून? पार काय त्याच्या बापाचा हाय?"

बराच वेळ वाद चालला. शेवटी त्यांच्यातले सर्वांत वयस्कर, ज्यांना ऐकू कमी येत होतं, त्यांना सगळं ओरडून सांगण्यात आलं. त्यांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "त्यात काय हाय? आमी त्याच्याकडं पाट करून बसू. पाटीला कोन नमस्कार करतं?"

हे सगळ्यांना पटलं. आमच्याकडे खरोखरच तसं आहे. वडील माणूस पाठमोरा असेल तर उतरलं नाही तरी चालतं, कारण त्यानं आपल्याला पाहिलेलंच नसतं.

पुढच्या दोन दिवसांत कापूरव्होळ आणि किकवी केलं. गुरुजींनी अठ्ठावीस मैलांना मैलाची सरासरी किती धरली आहे ते विचारलं. मी तीन मिनिटं पन्नास सेकंद सांगितलं. त्यांनी तोंडी गुणाकार केला, एक तास सत्तेचाळीस मिनिटं वीस सेकंद. "त्या दिवशी माझ्यासमोर उतरलास तर छडी खाशील," म्हणाले. किकवीच्या आजींना समजावायला वेळ लागला. घड्याळाशी शर्यत ही गोष्ट त्यांना काही केल्या कळेना, पण कुणी मेलेलं नसणार एवढं त्यांनी पक्कं विचारून घेतलं.

राहिले सासरे. वाटेवर कुठे भेटतील याचा भरवसा नव्हता आणि ते पाठ करून बसणाऱ्यांतले नव्हते. मी दोन दिवसांची रजा काढून पासलीला चालत गेलो. जेवण झाल्यावर विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी म्होरल्या आठवड्याचा नमस्कार आज?" ते म्हणाले.

"हो."

"आन उद्याची भाकर आज खाल्ली म्हंजी उद्या भूक लागत न्हाई?"

"मामा, पुण्याची नोकरी आहे. पंचवीस सेकंदांवर अडलीय."

"मानूस हाय का घड्याळाचा काटा, तुमी?" ते उठले आणि गोठ्याकडे गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी निघताना सासूबाईंनी भाकरी बांधून दिली. सासरे रानात गेले होते.

दुसरी खेप आली. या वेळी क्रम उलटा होता. मागच्या वेळी पहिला आलेला शेवटी सुटणार, मी त्याच्या आधी. म्हणजे त्याला काय लागलं हे मला वाटेत कळणार नव्हतं. एकट्यानं पळण्याच्या शर्यतीत हेच कठीण असतं. समोर कुणी असेल तर त्याच्यापुढे जेमतेम राहिलं की पुरतं. इथे किती पुरेल ते माहीतच नसतं, म्हणून आहे तेवढं सगळं द्यावं लागतं.

मी सावकाश सुटलो. पहिले तीन मैल मुद्दाम हात राखून काढले. मैलाचा दगड आला की काट्याकडे एक नजर टाकायची आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायचं. चढाला सव्वाचार मिनिटं, उताराला साडेतीन. भाटघरचा पार आला. सहा पाठी ओळीत होत्या, सहा फेटे धरणाकडे तोंड करून. एक पाठ हसण्यानं हलत होती. मी बसून गेलो. आयुष्यात प्रथमच त्या पारासमोरून बसून गेलो.

कापूरव्होळला गुरुजींच्या घराचं दार बंद होतं, ओसरी रिकामी होती. किकवीला मात्र आजी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मला पाहताच गावाकडे तोंड करून ओरडल्या, "कुनी मेलं न्हाई गं! जाऊंद्या त्याला!" घराघरांतून बायका बाहेर आल्या. मी गेल्यावर त्यांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

पिंपाला वळसा घालताना माझी वेळ ठरवल्याप्रमाणे होती. परतीचा चढ काढला. कापूरव्होळला वळलो आणि वारा समोरून आला, पहिल्या खेपेपेक्षा जास्त. मी हँडलवर जवळजवळ आडवा झालो. मांड्या पेटल्या होत्या, तोंडाला फेस आला होता. दर मैलाला सहा-सात सेकंद जास्त जात होते आणि ते थांबवता येत नव्हते.

भाटघरच्या अलीकडचं वळण आलं. सासरे तिथे उभे होते. डोक्यावर ओझं नव्हतं, हात मोकळे, अंगात धुतलेली पैरण. तोंड माझ्याकडे.

मी घड्याळ पाहिलं. एक तास छत्तीस मिनिटं वीस सेकंद. ठरवल्यापेक्षा तीस सेकंद मागे. आणखी पंचवीस गेले तर मी जवळजवळ एक मिनिट मागे पडणार होतो. हे सगळं मी मोजलं, खरोखर मोजलं, त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत. मग मान खाली घातली, पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि त्यांच्या अगदी जवळून गेलो. त्यांचे पाय दिसले, वहाणा दिसल्या. तोंड पाहिलं नाही.

भोरच्या नाक्यावर पोचलो तेव्हा एक तास सत्तेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. दुकानदारांकडे दोन घड्याळं होती, दोन्ही एकच वेळ सांगत होती. मी जमिनीवर बसलो. पाणी प्यायलो, ते ओकलो, पुन्हा प्यायलो. दहा मिनिटं वाट पाहायची होती. तो गडी वळणावर दिसला तेव्हा सगळे घड्याळांवर वाकले. मी पाहिलं नाही. आकडा कानावर आला, एक अठ्ठेचाळीस एकवीस. एकतीस सेकंदांनी जागा माझी झाली. त्या गड्यानं येऊन माझा हात धरला आणि म्हणाला, "आता पारावरची म्हातारी सगळी पुन्हा रस्त्याकडं वळली का?" माझी गोष्ट शिरवळपर्यंत पोचली होती.

दुकानदारांनी पुढच्या महिन्याच्या अखेरीला पुण्याला हजर व्हायला सांगितलं. मी घरी गेलो ते जवळजवळ नाचतच. बायको दारात बसली होती.

"बाबा दारावरनं गेलं," ती म्हणाली. "म्या हाक मारली. पानीबी न घेता गेलं."

"काही बोलले?"

"न्हाई. तुमची जागा मिळाली, लई चांगलं झालं. पर बाबा न जेवता पासलीला चालत गेल्यात, एवढं ध्यानात ठेवा."

मी तिला समजावलं, की तीस सेकंद मागे होतो, वारा होता, पलीकडच्याला किती लागणार ते माहीत नव्हतं. ती ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मला काय सांगताय? मी काय उभी व्हते तिथं?"

पुढे मी सात वर्षं पगारी स्वार होतो. पुणे-सातारा, पुणे-नगर, पुणे-जुन्नर असे कितीतरी रस्ते घड्याळ बांधून काढले. त्यांतल्या बहुतेकांचे आकडे अजून पाठ आहेत. लढाई सुरू झाली, टायर मिळेनासे झाले, आणि मग दुकानानं स्वार ठेवणं बंद केलं. ते काम मिळालं म्हणून मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पण पुण्याला हजर होण्याआधी एक काम उरकायचं होतं, आणि ते सायकलवरून होण्यासारखं नव्हतं.

आषाढात मी पासलीला गेलो. भाताची लावणी चालली होती. सासरे गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ. मी बांधावरून नमस्कार केला. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा खाली वाकले. मी सदरा काढून बांधावर ठेवला, धोतर वर खोचलं आणि शेजारच्या ओळीला लागलो.

लावणीचं काम मला येत होतं, पण सवय मोडली होती. पहिल्या दिवशी सासरे आणि सासूबाई दोघंही प्रत्येकी माझ्या दीडपट लावत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी सासूबाईंना गाठलं. रात्री जेवताना सासरे भाकरी वाढायला सांगायचे, भात वाढायला सांगायचे, पण मला काही विचारायचे नाहीत. मी ठरवलं होतं, की पुण्याला निघायला सहा दिवस आहेत, त्यातले पाच इथे काढायचे. आपण होऊन तो विषय काढायचा नाही. ते काढतील.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर खालच्या वाफ्यात आम्ही दोघंच होतो. पाऊस थांबला होता. ते वाकलेलेच होते, रोप लावता लावता म्हणाले, "कितीनं जिकला?"

"एकतीस सेकंदांनी."

"आन उतराया किती लागत्यात?"

"पंचवीस."

त्यांनी तीन रोपं लावली. "मंग सा सेकंद उरत व्हते की."

"ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं मामा. तो पलीकडचा माझ्या मागून सुटला होता. आणि पंचवीसचा हिशेब नुसत्या नमस्काराचा आहे. तुम्ही मला नुसत्या नमस्कारावर कधी सोडलंय? मागच्या खेपेला पावणेदोन मिनिटं घेतलीत."

"म्हैस व्याल्याली सांगायची न्हाई व्हय?"

"सांगायची. पण पावणेदोन मिनिटं लागली."

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"मी काय तुमाला उतरवाया उभा व्हतो व्हय तितं?" ते म्हणाले. "पारावरची मानसं म्हनली, पाट करून बसा. म्या म्हनलं, पाट केली तर जावई पळताना दिसायचा कसा? येवडं चालत आलो ते बगायला आलो. लोक म्हनत्यात तुमी लई भारी पळता. आन तुमी आला ते खाली मुंडी घालून गेला. जसा काय मी दगुड."

मी खाली वाकून दोन रोपं लावली.

"एक सांगा," ते म्हणाले. "तुमी समदं मोजता. नुसती मुंडी हलवायला किती सेकंद लागत्यात?"

मी मनात ते करून पाहिलं. हँडलवर वाकलेलो, पायडल चालू, नजर वर, मान एकदा खाली. पाय थांबत नाही. चाक थांबत नाही.

"एकही नाही," मी म्हणालो.

"मंग?"

"सुचलं नाही मामा. उतरायचं की नाही, एवढंच मोजत होतो."

"हं." त्यांनी पाण्यात हात धुतला आणि तो पुन्हा चिखलात घातला. "आता म्होरं पुन्याला रोज पळनार. रस्त्यानं मानसं असत्यात. उतरनार हाय?"

"नाही. उतरणार नाही."

"माज्याम्होरं?"

"तुमच्यासमोरही नाही मामा. घड्याळ चालू असेल तर नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग गालातल्या गालात हसले, पहिल्यांदाच. "खोटं तरी बोलत न्हाई. बरं. मंग मुंडी हलवा. आत्ता. बगू द्या मला कशी हलवता ती."

दोन्ही हातांत रोपं, गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली.

"येवडी जोरात नको, घड्याळ पडंल," ते म्हणाले. "आता ती वळ पुरी करा. दिस हाय तवर ह्यो वाफा उरकायचा हाय."